हुबेहूबच्या मोहात भावगीत

जुन्या भावगीतांचा कार्यक्रम पुण्यात असो, डोंबिवलीत असो की इंदुरात, तो संपल्यावर गायकाला भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एक दाद ठरलेली असते : ‘अगदी हुबेहूब म्हटलंत हो!’ म्हणणाऱ्याचा गळा भरून आलेला असतो, त्याच्या भावनेत काही खोट नसते. तरीही मराठी सुगम गायनाचं आज जे अडलं आहे, ते सगळं या एका दादेत आलं. इतके तयार गळे मराठीत एकाच वेळी पूर्वी क्वचितच असतील. सूर पक्का, ताल पक्का, पल्ला मोठा, माइकसमोर उभं राहण्याची सवय लहानपणापासूनची. आणि असं असूनही दोन ओळींत ओळखू यावा, आणि ऐकताना पोटात कालवाकालव व्हावी, असा भावगीताचा नवा आवाज फार क्वचित कानावर येतो. याचा दोष कधी गायकांवर टाकला जातो, कधी वाहिन्यांवर, कधी संगीतकारांवर. माझ्या मते त्यातला मोठा वाटा आपल्या, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या, आवडीकडे जातो.

भावगीत हा प्रकार तसा वयाने लहान. बालगंधर्वांच्या काळातल्या नाट्यगायकाला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असे, आणि तोही बहुतेक वेळा यंत्राच्या मदतीविना. त्या गाण्यात भाव होताच, पण तो आवाज फेकूनच द्यावा लागे. मायक्रोफोन आला, तीनेक मिनिटांची ध्वनिमुद्रिका आली, आणि गाणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या कानाशी बसता आलं. १९३२ साली जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांच्या कवितेची जी ध्वनिमुद्रिका केली, तिथपासून मराठी भावगीताची सुरुवात मानतात. पुढे गजाननराव वाटव्यांनी पेटी घेऊन गणेशोत्सवाच्या चौकाचौकांत कविता गायल्या आणि हजारो माणसं रस्त्यात बसून ती ऐकत राहिली. छापील कविता कधी हातात न धरलेल्या माणसांपर्यंत त्या गळ्याने कविता नेली. अरुण दात्यांच्या आवाजाला मोठा पल्ला नव्हता, तानांची आतषबाजी नव्हती. मंगेश पाडगावकरांच्या शब्दांना आणि श्रीनिवास खळ्यांच्या चालीला हवा होता तो हळुवार, किंचित कापरा जवळिकीचा स्वर, आणि तो त्यांच्याकडे पुरेपूर होता. खुल्या रंगमंचावर, माइकशिवाय, तो आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नसता. श्वास घेतल्याचा आवाज, शब्दाच्या शेवटी सुटणारा हलका उसासा, एखाद्या अक्षरावर क्षणभर जास्त रेंगाळणं, हे सगळं पहिल्यांदाच गाण्याचा भाग झालं.

पण जवळून ऐकू येणारा प्रत्येक आवाज काळजाला हात घालत नाही. त्यासाठी स्वराकडे बघण्याची एक रीत लागते, आणि मराठी भावगीताला ती बरीचशी किराणा घराण्याकडून मिळाली, असं मला ठामपणे वाटतं. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यापाशी आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. त्यांची झिंझोटीतली ठुमरी आजही ऐकायला मिळते. मुद्रण जुनं, खरखरीचं. शब्द नीट कळतही नाहीत. खाँसाहेब एका स्वरावरून दुसऱ्याकडे सरळ जात नाहीत. मधली सगळी वाट घसरत, थांबत, मागे बघत पार करतात, आणि स्वर हाती लागला की तो सोडवत नसल्यासारखे त्यावर टेकून राहतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर आणि मुलगा सुरेशबाबू माने यांच्याकडे माणिक वर्मा शिकल्या, आणि ती रीत माणिकताईंच्या गळ्यातून भावगीतात उतरली. खाँसाहेबांच्या गाण्यात जे नव्हतं, तेही त्यांनी त्यात घातलं. शब्दाला त्याचं स्वतःचं वजन दिलं. ‘घननीळा लडिवाळा’मधलं त्यांचं लडिवाळपण स्वरात जेवढं आहे तेवढंच अक्षराअक्षरांच्या उच्चारात आहे. मला विचाराल तर मराठी भावगीताचा सगळ्यात पूर्ण आवाज माणिक वर्मांचा. लताबाईंच्या आवाजात माणूस हरवून जातो; माणिकताईंच्या आवाजात मला कुणीतरी समोर बसून बोलतं आहे असं वाटतं, आणि मला गाण्यात ते जास्त हवं असतं.

ही झाली माझी आवड. तिचं समर्थन मी घराण्याच्या भाषेत करू शकेन, पण त्यामुळे ती आवड राहायची थांबत नाही. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ साली आलं आणि त्याने मराठीत संगीताच्या समीक्षेचा पायाच घातला. स्वर आणि लय अशी दोन टोकं धरून त्यांनी घराणी त्यांच्यामध्ये मांडली : किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर दोन्हींचा तोल सांभाळत मधोमध. मांडणी देखणी आहे, आणि ती करणारे वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांचे म्हणजे जयपूरचे शिष्य होते. म्हणून ती खोटी ठरते असं नाही. उलट ज्या गाण्याने माणसाला आतून हलवलेलं असतं, त्याच्याविषयीच इतक्या तपशिलात विचार करता येतो. फक्त ही आवड पुढच्या पिढीला नियम म्हणून सांगितली जाऊ लागली की कान बंद होतात.

आवडीची पकड एवढी घट्ट का असते, याचा एक धागा विज्ञानातही सापडतो. २०११ साली मॉन्ट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगीत ऐकताना अंगावर काटा येणाऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास केला. सुखाशी निगडित डोपामिन हे रसायन दोन वेळा, मेंदूच्या दोन वेगळ्या भागांत स्रवताना दिसलं : एकदा तो उत्कट क्षण यायच्या आधी, त्याची वाट पाहताना, आणि दुसऱ्यांदा तो आल्यावर. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऐकायचं संगीत प्रत्येकाने स्वतःच निवडून आणलेलं होतं. वाट पाहण्यातलं हे सुख आपल्याकडे मैफलीत समेची, षड्जाची वाट पाहणारा श्रोता अनुभवाने जाणून असतो. गायक षड्जाच्या जवळ येतो, निषादावर थांबतो, पुन्हा मागे जातो, आणि अख्खं सभागृह श्वास धरून बसतं.

आता हे हुबेहूब गाण्याला लावून पाहा. तिसरीत असताना रेडिओवर ऐकलेलं, आईने दळण निवडताना गुणगुणलेलं, कॉलेजातल्या पहिल्या प्रेमात पाठ केलेलं गाणं सुरू होतं. दुसऱ्या कडव्याआधीचा बासरीचा तुकडा कुठे येणार, कोणत्या अक्षरावर मुरकी आहे, हे सगळं देहात मुरलेलं असतं. श्रोता त्या जागेची वाट पाहतो आणि जागा येते. डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी अगदी खरं असतं, पण त्यातला फार मोठा हिस्सा त्या गाण्याभोवती साठलेल्या आयुष्याचा असतो, समोर गाणाऱ्या मुलीचा नसतो. तिने ती मुरकी किंचित वेगळी घेतली तर श्रोता दचकतो, आपलं काही हिरावल्यासारखं त्याला वाटतं. मुलगी हे पहिल्या दोन-चार कार्यक्रमांतच शिकते, आणि वेगळं काही करायचं सोडून देते.

गीतरामायणाची गोष्ट इथे आठवायला हवी. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचं पहिलं गाणं गेलं आणि वर्षाहून अधिक काळ दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी प्रसारित झाली. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, आणि त्या-त्या पात्राला शोभेल तो गळा निवडायचा : माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनीच, हीच सगळी गाणी एकट्याने रंगमंचावर गायली, आणि बहुतेक महाराष्ट्राच्या कानात आज त्यांचाच स्वर आहे. म्हणजे मराठी माणसाच्या सगळ्यात लाडक्या गीतमालेला सुरुवातीपासूनच एक ठरलेला गळा नव्हता. सीतेच्या तोंडी असलेलं गाणं एका पुरुषाने, आपल्या स्वच्छ, ओथंबलेल्या उच्चारांत गायलं आणि ते लोकांना तितकंच भिडलं. तेव्हाच्या श्रोत्यांना हा बदल सोसला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर आठवड्याला ते कधीही न ऐकलेलं गाणं ऐकायला रेडिओपाशी बसत होते.

त्या काळाकडे पाहताना कवीची जागा विसरून चालणार नाही. पाडगावकर, यशवंत देव, खळे ही सगळी माणसं आकाशवाणीच्या मुंबई केंद्राशी बांधलेली होती. ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमाला सतत नवं गीत लागे, म्हणून कवी आणि संगीतकार एकाच इमारतीत भेटत, भांडत, एकमेकांना ओळी वाचून दाखवत. हृदयनाथ मंगेशकरांनी तर ग्रेस यांच्यासारख्या, वाचतानाही हाती न लागणाऱ्या कवीला चाल दिली आणि लोकांनी ती ओठांवर घेतली. आज मराठी कविता जोरकस आहे, पण ती बहुतेक मुक्तछंदात आहे, आणि संगीतकाराच्या टेबलावर ती येत नाही. तिथे मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्द येतात, मुखडा आधी आणि अर्थ नंतर. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’, आणि २००३ पासून संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी केलेला ‘आयुष्यावर बोलू काही’, हे दोन मोठे अपवाद. दोन्हींमध्ये कवी स्वतः समोर होता, हा योगायोग मला वाटत नाही.

स्टुडिओतलं कामही बदललं. पूर्वी वादक आणि गायक एकत्र उभे राहत, एकाची चूक म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आता ट्रॅक आधी तयार होतो, गायिका नंतर येते, हेडफोन लावून ओळ-ओळ पंच करून जाते. सूर सुधारणारी सॉफ्टवेअरं १९९७ नंतर आली आणि हळूहळू प्रत्येक स्टुडिओत पोहोचली. जपून वापरली तर त्यांनी काही बिघडत नाही. पण ती घट्ट लावली की स्वर सरळ रेषेत बसतो, आणि मींडेत, आंदोलनात, स्वराच्या किंचित खाली राहून वर येण्यात जे दुखणं असतं ते पुसलं जातं. खाँसाहेबांची झिंझोटी अशा यंत्रातून काढली तर तिच्यातलं नेमकं काय उरेल, याची कल्पना करवत नाही.

वाहिन्यांवरच्या स्पर्धांना सरसकट झोडपणं मला पटत नाही. झी मराठीवरच्या सारेगमप लिटिल चॅम्प्सने २००८-०९ मध्ये घराघरांत गाणं नेलं, मुलांना क्लासला घातलं गेलं, पेटी-तबला पुन्हा दिवाणखान्यात आले. हे फार मोलाचं झालं. त्या पर्वाची विजेती आळंदीची कार्तिकी गायकवाड ठरली, आणि तिच्या गळ्यात वारकरी भजनाचा, गवळणीचा सरळ उघडा स्वर होता, कुणा पार्श्वगायिकेची सावली नव्हती. म्हणजे वेगळा आवाज समोर आला तर लोक तो उचलून धरतात. तरी अशा कार्यक्रमांची घडण आठवड्याला एका थोर गायकाच्या ‘स्पेशल’ भागावर उभी असते. दहा वर्षांच्या मुलीला या आठवड्यात आशाबाई व्हायचं असतं, पुढच्या आठवड्यात सुमनताई. वय वाढतं, आवाज फुटतो, बसतो, नवा घडतो. नेमक्या त्या वर्षांत तिला स्वतःच्या आवाजाची ओळख करून देणारं कुणी जवळ असेलच असं नाही.

कुमार गंधर्वांचं बालपण इथे प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक परीक्षकाने वाचावं. शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी आणि लोक थक्क होत. आजच्या मोजमापाने तो कोणत्याही स्पर्धेचा विजेता झाला असता. पण तो मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला आला, आणि देवधरांनी त्याला अनेक घराण्यांचं गाणं ऐकवलं, त्यावर विचार करायला लावलं. पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं, अंथरुणावर पडल्या-पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली. परत आले तेव्हा लांब दमसासाची तान हाती नव्हती. छोट्या-छोट्या, झपकन उठून तुटणाऱ्या स्वरवाक्यांतून त्यांनी आपली गायकी उभी केली. निर्गुणी भजनांतला तो एकाएकी कोसळणारा वरचा स्वर ऐकताना आजही अंग शहारतं. याच कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांची नक्कल करणारे तेव्हा गावोगाव होते. कुमारांनी तीच पदं घेतली, तीच लडिवाळ वळणं घेतली, आणि प्रत्येक जागी आपल्याला काय उमगलं ते गाऊन ठेवलं. परंपरेवरचं प्रेम असं असावं. किशोरी आमोणकरांनी आपल्या आई मोगूबाईंच्या गाण्याचं तेच केलं. आईच्या लयीच्या घट्ट विणीत त्यांनी आलापाला जागा करून दिली, रागाचा भाव हेच आपलं शोधायचं ठिकाण म्हटलं, त्यासाठी जयपूरच्या कर्मठांची नाराजी घेतली. आणि शांता शेळक्यांचं ‘जाईन विचारीत रानफुला’ त्या गातात तेव्हा ती सगळी साधना चार ओळींत येऊन बसते, कुठेही पांडित्य दाखवत नाही.

आपल्या आवडीला आणखी एक कुंपण आहे, आणि त्याविषयी भावगीताच्या समीक्षेत फारसं बोललं जात नाही. ज्या घरांत माणिक वर्मांच्या तबकड्या होत्या, त्या घरांत प्रल्हाद शिंद्यांचा आवाज गल्लीतल्या लाउडस्पीकरवरून येई आणि खिडकी लावली जाई. विठ्ठलाची गीतं, सत्यनारायणाची कथा, कव्वाली आणि भीमगीतं यांतून तो खडा, उन्हात तापलेला आवाज महाराष्ट्राच्या वस्त्या-वाड्यांत पोहोचला आणि २००४ साली ते गेल्यावरही तो प्रत्येक मांडवात आहे. वामनदादा कर्डकांची गीतं माणसांना रडवतात आणि ताठ उभंही करतात. हृदयातून आलेला आवाज म्हणजे मंद, मखमली, सायंकाळी ऐकायचा, ही आपली कल्पना एका वर्गाच्या दिवाणखान्यातली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांना श्रोता नव्हता, दाद नव्हती, पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर एवढीच साथ. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, आपलं दुःख त्या स्वतःलाच सांगत होत्या. मराठी गळ्यातल्या भावाचा सगळ्यात जुना, सगळ्यात खोल झरा तिथे आहे, आणि भावगीताने त्यातून फार थोडं घेतलं.

अजय गोगावले यांच्या आवाजाने लोकगाण्यातलं थोडं घेतलं. गोंधळाचा, जागरणाचा तो फाटायला आलेला वरचा स्वर चित्रपटातून सगळ्यांच्या कानी पडला, आणि खिडकी लावणाऱ्या घरांतही तो आता वाजतो. २००९ च्या ‘जोगवा’तल्या युगुलगीतासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांचीही मातृभाषा मराठी नाही, पण शब्द उच्चारण्यामागची त्यांची मेहनत ओळीओळीत ऐकू येते. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने वसंतराव आणि अभिषेकीबुवांच्या गाण्यांकडे तरुण मुलं वळली. महेश काळे यांना त्या चित्रपटातल्या ‘अरुणि किरणी’ या नव्याने बांधलेल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाटकातल्या जुन्या पदासाठी नव्हे. लोकांनी नवी आणि जुनी, दोन्ही गाणी सारख्याच प्रेमाने ऐकली.

तेव्हा आयोजकांना एक मागणं आहे. अडीच तासांच्या कार्यक्रमात वीसेक गाणी होतात. त्यांतली चार नवी असावीत, आज लिहिणाऱ्या कवीची, शक्य झालं तर कवीला समोर बसवून. उरलेल्यांपैकी काही गायकाला त्याच्या स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या लयीत, हवं तर नुसत्या तंबोऱ्यावर म्हणू द्यावीत. निवेदक जुन्या आठवणींना जो वेळ देतो, त्यातली पाच मिनिटं त्या नव्या कवितेला द्यावीत. नवं गाणं एका ऐकण्यात मनात उतरत नाही. म्हणून तीच चार गाणी पुढच्या महिन्यात, त्याच गायकांकडून, त्याच सभागृहात पुन्हा ठेवावीत.